शून्य, एक आणि उत्तराबाईंचे टाळ

ठाण्याच्या अख्ख्या पाचपाखाडीत हरिहर टिपणिसांइतका तयार कान दुसऱ्या कुणाला नाही, असं निदान हरिहर टिपणिसांचं तरी ठाम मत होतं. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चार मित्र जमायचे, पोहे हाणायचे, आणि मग दिवाणखान्यातल्या त्या दोन उंच स्पीकरांसमोर कीर्तनाला बसावं तसे बसायचे. गाणं संपलं की सगळ्यांच्या माना हरिहररावांकडे वळायच्या. हरिहरराव डोळे मिटून, हनुवटी वर करून निकाल द्यायचे. "तबला जरा पुढे बसवलाय." किंवा, "माईक फार जवळ होता, बाईंचा श्वास ऐकू येतोय." आणि काय सांगू, त्यांनी म्हटल्याबरोबर उरलेल्या चौघांनाही तो श्वास ऐकू यायला लागायचा. हयात वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात पांढऱ्या रंगाच्या छटा वेगळ्या करण्यात गेलेली. निवृत्तीनंतर तो सगळा काटेकोरपणा कानात उतरला होता.

तर अशा माणसाला गेलं वर्षभर फ्रिज ऐकू येत नव्हता.

म्हणजे दार उघडं राहिलं की फ्रिज बारीक आवाजात टीं-टीं करतो ना, ते. उत्तराबाई आतून ओरडायच्या, "अहो, तो फ्रिज बोंबलतोय, दार लावा!" आणि हरिहरराव नेमके फ्रिजच्या पुढ्यातच उभे राहून पेपर वाचत असायचे. मग म्हणायचे, "लक्ष नव्हतं." वर्षभर रोज लक्ष नसतं का हो माणसाचं? पण आपल्या कानाला काही झालंय, हे कबूल करायचं म्हणजे टिपणिसांच्या घरात भूकंपच.

मग तो रविवार उगवला. मित्रांपैकी सुधीर, बँकेतून निवृत्त झालेला, जरा लाघवी माणूस. त्याने हट्टच धरला, "आज ते तुझं परदेशातून मागवलेलं नको. वहिनींच्या भजनी मंडळाची सीडी लाव." सोसायटीतल्या बायकांचं हे मंडळ. पूर्वी कधीतरी खालच्या मजल्यावरच्या मालनताईंच्या भाच्याने त्यांची गाणी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती आणि घरीच सीडी काढून एकेकीला वाटल्या होत्या. मालनताई गायला आणि उत्तराबाई टाळाला. आता टाळ म्हणजे कुणीही उचलावेत आणि बडवावेत अशी तुमचीआमची समजूत. उत्तराबाईंचं तसं नव्हतं. त्यांचे टाळ चिमुकले, आवाजाला बारीक, आणि वाजवण्याची खोड त्यांची स्वतःची. समेच्या आधीचा एक ठोका गाळायचा, सगळ्यांना क्षणभर अधांतरी ठेवायचं, आणि समेवर दोन नाजूक ठोके लागोपाठ द्यायचे. छिन-छिन्. ऐकणाऱ्याच्या तोंडून हटकून "वा" निघायचं.

सीडी लागली. शेवटची गवळण सुरू झाली आणि सुधीर मान डोलवत म्हणाला, "वहिनी, काय गोड वाजलेत हो टाळ!"

हरिहररावांनी कान दिला. पेटी होती. ढोलकी होती. मालनताई तर होत्याच होत्या, त्यांचा आवाज कोपरीपर्यंत जातो. टाळ नव्हते. हरिहरराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी मान स्पीकरकडे थोडी वळवली, मग थोडी इकडे वळवली. छे. जिथे बायकोचे टाळ असायला हवे होते तिथे नुसती हवा होती.

चौघांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. हरिहररावांनी हनुवटी वर केली आणि निकाल दिला, "प्लेअर म्हातारा झालाय. वरचे सूर खातोय."

चौघांनी माना हलवल्या. उत्तराबाईंनी नाही हलवली. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. फळ्याकडे तोंड असलं तरी मागच्या बाकावर कोण थापा मारतंय, हे त्यांना पाठीला कळायचं.

मित्र गेल्यावर बशा गोळा करता करता त्या म्हणाल्या, "सुधीर भावजींना ऐकू आले टाळ. त्याच प्लेअरवर."

"त्याचं काय, तो सौजन्याने बोलतो."

"बाकीच्या तिघांनीही समेवर दाद दिली."

"उत्तरा, प्लेअरची लेन्स थकते. प्रत्येक यंत्राचं एक वय असतं."

"माणसांचंही असतं," उत्तराबाई म्हणाल्या. "आणि आयुष्यभर कोण सांगत होतं मला, सीडीवर फक्त शून्य आणि एक असतात म्हणून? यंत्र ते वाचतं किंवा वाचत नाही, मधलं काही नसतं म्हणून? सातवीच्या पोरांना मी तुमचंच उदाहरण देत आले. आता तुमचा प्लेअर बरोब्बर माझेच टाळ तेवढे वेचून खातो होय?"

हरिहररावांनी चष्मा पुसला. कोंडीत सापडले की ते चष्माच पुसायचे.

"हे बघा," उत्तराबाई बशा खाली ठेवत म्हणाल्या, "एक सौदा करू. आणा तुम्हाला हवं ते यंत्र. माझे टाळ ऐकू आले तर विषय संपला, पुन्हा काढणार नाही. नाही आले, तर कानाच्या डॉक्टरकडे यायचं. आणि तो देईल ते कानात घालायचं. कुरकुर नाही."

हरिहरराव हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण रात्री जेवताना घास उतरेना. चष्मा लागला की माणूस विद्वान दिसतो, कानात यंत्र आलं की नुसता म्हातारा. रविवारी ते कानात घालून बसलं तर कोण आपल्याकडे मान वळवणार? सुधीर प्रेमाने आणि मोठ्याने विचारेल, "हरी, ऐकू येतंय ना रे?"  आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे ते बघतच नव्हते. टाळ गेले होते. पुढे काय काय जाणार होतं?

तर दुसऱ्या दिवसापासून जुन्या ट्रान्सपोर्टचा शोध सुरू झाला. ट्रान्सपोर्ट म्हणजे अर्धा सीडी प्लेअर समजा. तबकडी फिरवायची, तिच्यावरचे आकडे वाचायचे आणि वायरीतून पुढच्या डब्याकडे पाठवायचे, इतकंच त्याचं काम. आकड्यांचं गाणं करायचं ते पुढचा डबा करतो, आणि तो डबा टिपणिसांकडे उत्तम होता. नवे ट्रान्सपोर्ट आता फारसे कुणी बनवत नाही आणि बनवतात त्यांच्या किमती ऐकून उत्तराबाईंनी हात जोडले. म्हणून जुना. आणि जुना घ्यायचा म्हणजे जुनी गाडी घेण्यासारखं, वरचं पॉलिश बघायचं नाही, आत काय झिजलंय ते बघायचं. हरिहररावांना यातलं सगळं कळत होतं, फक्त हे सगळं आपण कशासाठी करतोय ते सोडून.

पहिला मोर्चा गेला विठ्ठलवाडीला. स्टेशनमागे पोपट नावाच्या गृहस्थाचं दुकान होतं. त्याला भंगारवाला म्हटलेलं खपायचं नाही. "सेकंडहँड बोला साहेब. भंगार तिकडे, गल्लीच्या टोकाला." दुकानात छतापर्यंत डबे रचलेले. त्यातून त्याने एक काळा डबा ओढून काढला आणि शर्टाच्या बाहीने पुसला. "हा घ्या. फुल कंडिशन. एका शेठच्या घरातून आलेला, शेठ कधी वाजवायचाच नाही."

हरिहररावांनी पिशवीतून एक गच्च भरलेली सीडी काढली आणि थेट शेवटचं गाणं लावलं. थकलेली लेन्स सुरुवातीला साळसूदपणे वाचते, तबकडीच्या कडेला गेली की तिचे पाय लटपटतात, हे त्यांना ठाऊक होतं. झालंही तसंच. गायिकाबाई एका शब्दावर अडकल्या त्या अडकल्याच. "ये-ये-ये-ये" सुरू झालं. पोपटने शांतपणे डब्याच्या डोक्यात एक टपली मारली. बाई पुढे सरकल्या.

"बस, एवढंच. अधनंमधनं एक टपली."

"पोपटराव, मी गाणं ऐकायला बसणार की टपल्या मारायला?"

"साहेब, तुम्हाला नक्की ऐकायचं काय?"

"वरचे सूर," हरिहरराव म्हणाले.

"वरचे येतील, खालचे येतील, मधले पण येतील. टपली जोरात मारायची." पोपटला त्यात काही अडचण दिसत नव्हती. मग त्याने कराओकेवाला डीव्हीडी प्लेअर दाखवला, वर माईक फुकट. हरिहररावांनी नमस्कार केला आणि घरी आले.

पुढचा पत्ता मिळाला व्हॉट्सॲपवर. 'कानसेन' नावाचा एक ग्रुप होता, त्यात असले सगळे वेडे. डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या विनीत नावाच्या मुलाने एका भारदस्त ट्रान्सपोर्टचे फोटो टाकले होते. तबकडी वरून ठेवायची, काचेचं झाकण सरकवायचं, आतून निळा उजेड. फोटो बघूनच हरिहरराव घायाळ झाले. शनिवारी सकाळी त्यांनी गाडी काढली. उत्तराबाईंनी निघताना पिशवीत भजनाची सीडी स्वतःच्या हाताने घातली. "ही लावून बघा. नाहीतर बाकी सगळं वाजेल आणि हीच तेवढी राहील." काय तोंड असतं एकेकाचं!

मुंब्रा बायपास, शिळफाटा, मेट्रोच्या कामाने आक्रसलेला तो कल्याण-शिळ रस्ता असं करत हरिहरराव मानपाड्याला पोहोचले तोवर त्यांचं डोकं तापलेलं होतं. पण विनीतने दार उघडलं ते हसतच. तिशीचा मुलगा, कंपनीत नोकरीला, घरात चार डबे गाण्याचे. त्याची बायको समीक्षा, तिचे दिवस भरत आले होते. "पाळणा कुठे ठेवायचा ते सांग, म्हटलं ह्याला," ती हरिहररावांना पाणी देत म्हणाली. "ह्याने टेप घेऊन भिंत मोजली आणि म्हणतो, बाल्कनीत. शेवटी मीच म्हटलं, एकतर डबा जाईल नाहीतर मी माहेरी जाईन."

विनीत मात्र हरिहररावांकडे निरखून बघत होता. "काका, एक मिनिट. तुम्ही टिपणीस काका ना? शून्य-एक काका?"

हरिहररावांनी चष्मा पुसला.

"अगं, हे ते काका!" विनीतने मोबाईल काढलासुद्धा. "तुमची पोस्ट मी सेव्ह करून ठेवलेली. थांबा हां. 'ट्रान्सपोर्ट बदलल्याने वरचे सूर उजळतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ट्रान्सपोर्ट नव्हे, कान तपासून घ्यावेत.' काय हाणलेलं तुम्ही आम्हाला! दोन दिवस ग्रुप पेटलेला."

स्वतःचंच वाक्य असं परक्या घरात, पाण्याचा ग्लास हातात असताना समोर येऊन उभं राहिलं. हरिहररावांना ठसका लागला. "माणसाचं मत बदलू शकतं," ते म्हणाले.

"म्हणजे काका, तुम्हाला पण पटलं? फरक पडतो?" विनीतचा चेहरा उजळला. "ग्रुपवर टाकू?"

"अजिबात टाकू नकोस."

मग तपासणी सुरू झाली. तिथे मात्र हरिहरराव हरिहरराव होते. तबकडी ठेवल्यापासून पहिलं गाणं सुरू व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं. भराभर गाणी पुढेमागे केली. गच्च भरलेल्या सीडीचं शेवटचं गाणं पूर्ण ऐकलं, कुठे अडखळ नाही. झाकण सरकवलं, कुरकुर नाही. रिमोट मूळचा. डब्याला कान लावला, मोटरची घरघर नाही, म्हणजे निदान त्यांना ऐकू येणारी नाही. यंत्र खरंच फर्मास होतं. विनीत कौतुकाने बघत होता, आणि त्या बघण्याने हरिहररावांची हनुवटी आपसूक वर गेली.

"अजून काही लावायचंय का काका?"

हरिहररावांचा हात पिशवीत गेला. बोटांना ती सीडी लागली, वर मार्करने 'भजन' लिहिलेली, पातळ प्लास्टिकच्या पाकिटातली. समोर विनीतच्या कपाटात जपानहून मागवलेल्या सीडी ओळीने उभ्या. तिथे ही काढायची? सोसायटीच्या बायका? मालनताई? लाज वाटली हो त्यांना. आणि लाजेच्या मागे भीती दडलेली होती. या मुलाला टाळ ऐकू आले आणि आपल्याला नाही आले तर?

"नको," ते म्हणाले, "झालं माझं समाधान."

इथेच माती खाल्ली. ज्या एका तबकडीसाठी ठाण्याहून इथवर आले, तीच न वाजवता त्यांनी व्यवहार केला, समीक्षाच्या हातचा शिरा खाल्ला, आणि डबा मागच्या सीटवर पट्टा लावून बसवून घरी आणला.

दुपारी चहाच्या वेळेला सगळी जोडणी झाली. हरिहरराव वायरी लावून वाकलेल्या पाठीने उठतात तर उत्तराबाई तबक घेऊन हजर. हळद, कुंकू, अक्षता, गुळाचा खडा.

"उत्तरा, याला नको!"

"वा रे वा. मिक्सरला लावलं, गाडीला लावलं, याचं काय घोडं मारलंय? कुणाकुणाच्या घरातून आलाय कोण जाणे." आणि त्या बोटावर कुंकू घेऊन बघतात तर झाकण उघडं, आत मधोमध तो बारीक काचेचा डोळा. एवढा सुंदर डोळा दिसल्यावर बोट तिकडेच जाणार. हरिहररावांनी झडप घालून वर तळहात धरला. कुंकू लागलं ते त्यांच्या हाताच्या पंजाला. शेवटी तडजोड म्हणून डब्याच्या बाजूला, स्क्रूच्या शेजारी एक टिकली लागली आणि अक्षता खाली जमिनीवर टाकण्यात आल्या.

"हं, लावा आता," उत्तराबाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

हरिहररावांनी भजनाची सीडी ठेवली, झाकण सरकवलं. तबकडी फिरली. थांबली. पुन्हा फिरली. निळ्या पट्टीवर अक्षरं उमटली, नो डिस्क. त्यांनी ती काढली, मऊ फडक्याने पुसली, पुन्हा ठेवली. नो डिस्क. यंत्राच्या मते समोर काही नव्हतंच.

विनीतला फोन लागला. "अरे काका, घरी काढलेली सीडी का? तो जरा नखरेल आहे त्या बाबतीत. विकतच्या सगळ्या वाचतो, घरच्या काही घेतो, काही नाही घेत. तबकडी कुठल्या कंपनीची त्याच्यावर असतं. तुम्ही इथे लावून बघायची होती ना!"

"लावली नाहीत ना तिथे?" फोन ठेवताच उत्तराबाईंनी विचारलं.

"राहून गेली."

"कशी राहून गेली?" मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि पुढचा प्रश्न गिळला. "थांबा. मालनकडे असेल अजून एखादी. तिचा भाचा वेगवेगळ्या तबकड्यांवर काढायचा."

त्या खालच्या मजल्यावर गेल्या आणि लगेच एक सोनेरी सीडी घेऊन आल्या. मालनताईंच्या देवघराच्या खणात कापूर आणि वातींच्या शेजारी पडलेली होती, तिला तसाच वास येत होता. वर नुसतं 'गवळण' लिहिलेलं. हरिहररावांनी पुसून ठेवली. तबकडी फिरली, आणि नखरेल यंत्राने हिला मात्र लगेच आपलं म्हटलं. पेटीचा सूर आला. ढोलकीवर थाप पडली. मालनताईंनी गवळण उचलली.

हरिहरराव डोळे मिटून बसले. "बघ," ते म्हणाले, "जागा किती मोकळी वाटते! भिंती मागे सरकल्यासारख्या. याला म्हणतात ट्रान्सपोर्ट."

"हं," उत्तराबाई म्हणाल्या.

खरंच मोकळं वाटत होतं. पेटी सुटी, ढोलकी सुटी. हरिहररावांचं सगळं अंग कान झालं. आता येतील. पहिलं कडवं संपताना येतात. सम जवळ आली, सम गेली. काही नाही. पुन्हा सम आली. नाहीच.  डोळे किलकिले करून बघितलं तर उत्तराबाई रोखून त्यांच्याकडेच बघत होत्या.

खोटं बोलायचं असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. बोटच बोललं. खुर्चीच्या लाकडी हातावर त्यांची तर्जनी हलकेच पडायला लागली. टक, टक, टक. समेच्या आधी थांबली. समेवर दोनदा पडली.

"आले," हरिहरराव म्हणाले. आवाज जरा चढलाच. "आले गं! काय स्वच्छ येतायत. त्या जुन्या प्लेअरने नुसता चिखल केला होता."

 उत्तराबाईंच्या कपाळावर आठी आली होती, ती हळूहळू गेली. त्या आता चेहऱ्याकडे नव्हे, नवऱ्याच्या बोटाकडे बघत होत्या. हरिहररावांना वाटलं, पटलं हिला. मग काय, बोटाला जोर आला. पुढच्या कडव्याला लय चढते तिथे बोट चढलं. मालनताई तान लांबवतात तिथे बोट वाट बघत थांबलं आणि त्या परत आल्या तसं त्यांच्या पावलावर पाऊल टाकून निघालं. अधूनमधून हरिहरराव "वा" म्हणत होते, ते कुणाला म्हणत होते देव जाणे.

गवळण संपली. हरिहररावांनी डोळे उघडले. आता निकाल द्यायचा, म्हणून हनुवटी वर केली, इतक्यात स्पीकरमधून खाकरल्याचा आवाज आला आणि मालनताई बोलायला लागल्या.

"ए, बंद केलंस का रे? नको, थांब. ही नको देऊ कुणाला. टाळ नाहीत बाबा, मजा नाही. टाळाबिगर भजन म्हणजे मिठाबिगर कालवण. उत्तराताई पनवेलवरनं आल्या की परत करू सगळं. हितं गच्चीवर नको, खाली हॉलमध्ये करू. आता कर बंद."

मालनताईंचा शब्द अन् शब्द हरिहररावांना अगदी खणखणीत ऐकू आला. बोट लाकडावर होतं तिथेच राहिलं.

रिमोट सापडेना. सापडला तर बटण सापडेना. यंत्र आपोआप थांबलं आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज उरला. आता ही हसणार, हरिहररावांना वाटलं. आणि का हसू नये? शाळेत असती तर अंगठे धरून उभं केलं असतं. ते मान खाली घालून बसून राहिले.

हसण्याचा आवाज आला नाही.

"उत्तरा," शेवटी तेच म्हणाले, "मला ऐकू येत नाहीत गं टाळ. आज तर ते नव्हतेच, पण त्या रविवारी होते, तेही नाही आले. वर्ष झालं असेल. फ्रिज नाही, टाळ नाही. भीती वाटते मला. आज हे गेलं, उद्या पेटी जाईल. मग एक दिवस तू हाक मारशील आणि मी पेपर वाचत बसलेला असेन."

उत्तराबाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी ओढणीच्या टोकाने टिपले. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा," त्या म्हणाल्या. "मी पनवेलला होते. मंडळातल्या बायकांनी गच्चीवर तालीम केली असणार. पहिल्या कडव्यालाच कळलं मला, हे आमचं नाही म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही वाजवायला लागलात."

हरिहररावांनी वर पाहिलं.

"समेच्या आधीचा ठोका मी गाळते," उत्तराबाई म्हणाल्या. "मालनला आजवर ते कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, उत्तराताई तिथे दर वेळी विसरतात. तुम्ही गाळलात. आणि समेवर दोन दिलेत. त्या लांब तानेच्या वेळी मी थांबते, तिथे थांबलात. अहो, एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. मी तिथे नव्हते, आणि सगळीकडे मीच होते. मला वाटायचं, तुम्ही मोठ्या मोठ्या लोकांचं ऐकता. माझं कधी ऐकलंत एवढं?"

"कायम ऐकत होतो," हरिहरराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "डॉक्टरांना सोमवारी मीच फोन करतो. यंत्र तर यंत्र. रविवारी सुधीरलाही सांगून टाकतो."

"करा. मी येईन बरोबर." उत्तराबाईंनी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी आणली. "पण त्याआधी ही गवळण पुन्हा लावा."

"अगं, हिच्यात टाळ नाहीत."

"तुम्ही आहात ना. पण या वेळी जरा जोरात वाजवा, मला नीट ऐकायचेत."

हरिहररावांनी तबकडी पहिल्यापासून लावली. पेटी सुरू झाली तसं त्यांनी बोट लाकडावर आणलं आणि पहिल्या समेची वाट बघत बसले.